जन्माआधीचा गुन्हा

दोन वायरी हातात धरून एक माणूस उभा आहे. त्या एकमेकींना टेकवल्या की पलीकडच्या खोलीत स्फोट होईल आणि तिथे वाढत असलेला अख्खा वंश जन्माआधीच संपेल. हा वंश पुढे विश्वभर कत्तली करणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्यानं ते भविष्य पाहिलंय. तरी त्याचा हात थांबतो.

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतला हा प्रसंग १९७५ सालचा. कथा 'जेनेसिस ऑफ द डालेक्स', लेखक टेरी नेशन. डालेक म्हणजे चिलखती यंत्रात बसलेले, आपल्याखेरीज सगळे संपवायच्या लायकीचे असं मानणारे जीव. ते १९६३मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आले. नेशनचं बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलं होतं. डालेकांमागे नाझी उभे आहेत, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

१९७५च्या कथेत त्यांचा मूळ ग्रह दिसतो: स्कारो. तिथे थाल आणि कालेड हजार वर्षं लढतायत. दोघांचं एकेक शहर उरलंय. शस्त्रांच्या विषानं ज्यांची शरीरं बिघडली, त्यांना कालेडांनी वंश शुद्ध ठेवायला ओसाड रानात हाकललंय. डाव्हरॉस नावाच्या शास्त्रज्ञाला कळतं की आपली जात बदलणारच आहे. मग तो ती स्वतःच घडवायला घेतो आणि घडवताना तिच्यातली दया काढून टाकतो. म्हणजे डालेकांचा क्रूरपणा निसर्गानं दिलेला नाही. तो एका शहाण्या माणसानं विचारपूर्वक घातलाय.

डॉक्टरची सोबतीण सारा त्याला सांगते, उडवून टाक, किती जीव वाचतील बघ. तो विचारतो, एखादं मूल मोठेपणी राक्षस होणार हे कळलं, तर त्या मुलाला मारशील?

इथे मला कंस आठवला. आकाशवाणी खोटी नव्हती. देवकीचं आठवं मूल त्याला मारणारच होतं. तरी त्या तान्ह्या बाळांसाठी आपण कंसाला कधी माफ केलं नाही. भविष्य खरं निघालं म्हणून पाळण्यावरचा हात पवित्र होत नाही.

कुणी म्हणेल, कंस स्वतःचा जीव वाचवत होता, डॉक्टर इतरांचा. बरोबर आहे. पण 'इतरांसाठी' हे कारण पुढे करणारे बहुतेक वेळा डॉक्टर नसतात. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, तोही समाजाच्या रक्षणासाठीच. पुढे सोलापुरात अशा जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कुंपणाच्या आत जन्मलेलं मूल पहिल्या श्वासापासून संशयित. कायदा १९५२ साली गेला. पण आजही गावात चोरी झाली की नजर आधी पारध्यांच्या पालांकडे वळते.

डॉक्टरला भविष्य माहीत होतं, तरी तो थबकला. आपल्याकडे असतो नुसता संशय, आणि आपण थबकत नाही.

कथा त्याला सोपी सुटका देत नाही. डाव्हरॉस नमल्याची बातमी येते, तो सुटकेचा श्वास टाकतो. पण ती बातमी फसवी ठरते. तो पुन्हा त्या वायरींकडे जातो. शेवटी स्फोट होतो तो एका डालेकच्या हातून, चुकून. त्यानं डालेक संपत नाहीत, फक्त हजारेक वर्षं मागे पडतात.

मी साराला मूर्ख म्हणणार नाही. तिच्या बाजूला कोट्यवधी प्रेतं आहेत. पण मला विचाराल तर मी डाव्हरॉसचा हात धरीन, कारण त्यानं निवड केली आहे. खोलीतल्या जिवांनी अजून काहीच केलेलं नाही. डाव्हरॉस थांबला नाही, तर माझ्या या उत्तराची किंमत दुसरंच कुणी मोजेल. हे माहीत असूनही त्या वायरी मला टेकवता येणार नाहीत.