जे आपलं नाही, ते देता येतं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गूगलवर आपलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावं, पुढे गावाचं नाव टाकावं. मग नुसता मोबाईल नंबर टाकून बघावं. परिवारातल्या तरुण मंडळींनी हे करायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांनी एकच विचारलं: ही माहिती बाहेर सोडली कोणी? सरकारने की कंपन्यांनी?

सरकारचा वाटा आहेच. मतदार यादी प्रत्येक राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय सगळं त्यात असतं. बेळगावची पहाणी, बडोद्याचा सात-बारा, गोव्यातला एक-चौदाचा उतारा, इंदूरचा खसरा हेही ऑनलाइन दिसतं. पण त्यामागे कारण आहे. यादी उघडी असते म्हणूनच खोट्या नावावर हरकत घेता येते, आणि उतारा उघडा असतो म्हणून जमीन घेणारा आधी खात्री करू शकतो.

जन्मवेळ, आजोळ, नातवाची शाळा मात्र कुठल्याच सरकारी यादीत नाही. ते बाहेर आलं आपल्याच माणसांच्या हातून, आणि बहुधा प्रेमाने.

लग्नाचा बायोडाटाच घ्या. जन्मतारीख, वेळ, पगार, पत्ता, वडिलांचा नंबर, आणि खाली मामांचं आडनाव. आईचं माहेरचं आडनाव पासवर्ड विसरल्यावर काही ठिकाणी ओळख पटवायला विचारतात. आपण ते गोत्राच्या खालच्या ओळीत लिहून चार ग्रुपवर टाकतो! मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं तरी ती पीडीएफ फिरतच असते. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. बायोडाटा हातात आला की तेही आलं. (यात्रेच्या बुकिंगला आधार हवंच असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं. शक्यतो तेच द्यावं.)

शास्त्रात दान कशाला म्हटलंय? वस्तूवरची आपली मालकी सोडून ती दुसऱ्याची करणं. म्हणजे मुळात मालकी हवी. शाळेच्या गणवेशातला नातवाचा फोटो आजोबांनी काढला म्हणून तो आजोबांचा होतो का? अस्तेय म्हणजे चोरी न करणं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण न विचारता घेणं जसं त्यात बसत नाही, तसं दुसऱ्याचं न विचारता वाटून टाकणंही बसू नये, असं आम्हाला वाटतं.

सर्वांत अवघड जागा आजारपणाची. ‘वहिनींसाठी प्रार्थना करा’ असा निरोप येतो, सोबत निदान, दवाखाना, कधी रिपोर्टचा फोटोसुद्धा. हेतूवर शंका घेण्याचं कारणच नाही, अशा वेळी माणूस घाबरलेला असतो. पण सद्गुरूंना खाट क्रमांक सांगावा लागतो का? ‘परिवारातल्या एका भगिनीसाठी’ एवढ्याने प्रार्थना कमी पोचेल, असा तर आपला विश्वास नाही. वहिनी बऱ्या होऊन घरी येतील, तेव्हा कुणाला काय सांगायचं हे त्यांनाच ठरवू द्यावं.

ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘आमच्या वाड्यात कुणाचं काय लपलं होतं?’ खरंय. पण वाड्यात ज्याला आपली अडचण कळायची, तो कोण हे आपल्यालाही ठाऊक असायचं. त्याचीही अडचण आपल्याला माहीत असायची, आणि संध्याकाळी त्याच्याच घरून डबा यायचा. तिथे माहिती नात्याबरोबर फिरायची. इथे बघणारा दिसत नाही. तो डबा आणत नाही, फोन करतो. नातवाचं नाव, शाळा, सुनेचं माहेर सगळं बरोबर सांगतो, आणि म्हणूनच आजींना तो घरचाच वाटतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. मात्र कुणी स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा लागू होत नाही. मामा-भाची, सासू-सून यांच्यात कायदा येऊन उभा राहत नाही. ते बरंच आहे म्हणा. पण मग तिथे एकमेकांना विचारणं एवढंच हातात उरतं.

नंबर किंवा पत्ता दाखवणारे निकाल काढायची विनंती गूगलला करता येते. मूळ पानावरून ते त्याने जात नाहीत, तिथे वेगळं सांगावं लागतं. गुरुपौर्णिमेच्या सेवानोंदणीत यंदा ग्रुपवर फक्त नाव आणि सेवेची वेळ येईल, रक्तगट आणि पत्ता केंद्रावरच्या वहीत राहील. आणि लग्न झालेल्या मुलींचे बायोडाटा ज्यांच्या फोनमध्ये अजून आहेत, त्यांनी ते काढून टाकावेत. ज्या मंडळाकडे दिले होते तिथेही एक फोन करावा.

जय गुरुदेव 🙏