झाकलेली चकाकी

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. कात्रप येथील एका कुटुंबाने नव्या मोटारीला आशीर्वाद देण्यासाठी मला बोलावले होते. मे महिन्यातील संध्याकाळ होती. त्या दिवसांत बदलापुरात इमारतीखालच्या सावलीलाही धग असते. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, मुलांच्या हातांवर पेढे पडले. मी निघणार एवढ्यात घरातील वडील गृहस्थांनी मला हाताला धरून गाडीच्या पुढच्या बाजूस नेले आणि विचारले, "फादर, इथे काय दिसते?"

जाळीच्या मध्यभागी कंपनीचे बोधचिन्ह होते. काळे होते. मी तसे सांगितले.

"काळे नव्हते ते. चांदीसारखे लखलखत होते. शोरूममधून गाडी आणली त्या दिवशी मी स्वतः फडक्याने पुसले. चौथ्या दिवशी ह्याने त्याला काळे फासले."

'हा' म्हणजे त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, काळे फासले नाही, स्प्रे मारलाय. नको झाला की सालासारखा सोलून निघतो."

"तुम्हीच सांगा, फादर, हे बरोबर आहे का?" वडिलांनी विचारले. पट्टा लावून, बेताने गाडी चालवा, एवढेच सांगून मी हसत वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तीस वर्षे लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीचे प्रश्न ऐकणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटावा; पण कित्येक मोठे प्रश्न असल्याच क्षुल्लक वेशात दारात येतात.

प्रथम त्या काळ्या थराविषयी सांगतो. हा नेहमीचा रंग नव्हे. विद्रावकात विरघळवलेले रबरासारखे द्रव्य आहे. अमेरिकेतील 'प्लास्टी डिप' हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव. मुळात पान्या-पक्कडींच्या मुठी त्यात बुडवून काढीत, म्हणजे हात घसरत नसे. पुढे ते फवाऱ्याच्या डब्यात आले आणि घरच्या घरी मोटारी सजवणाऱ्यांच्या हाती पडले. कृती सोपी आहे. चिन्ह साबणाच्या पाण्याने व नंतर स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा, भोवती चिकटपट्टी व वर्तमानपत्र लावायचे, आणि वीतभर अंतरावरून फवारा मारायचा. पहिला हात इतका विरळ की खालची चकाकी अर्धी दिसत राहावी. मग थोड्या थोड्या वेळाने आणखी चार-पाच हात. शेवटचा हात ओला असतानाच पट्टी काढायची. काही तासांनी आजूबाजूला उडालेला थर नखाने उचलला की निघून येतो आणि चिन्ह तेवढे काळे राहते.

येथे एक बारकावा आहे. थर जाड असेल तरच तो अखंड सोलून निघतो. पातळ थर तुकड्यातुकड्यांनी तुटतो आणि फटींत अडकून बसतो. उन्हात वर्षानुवर्षे राहिला तर तो कडक होतो आणि सोलणे आणखी अवघड जाते. तेव्हा 'नको झाला की निघतो' हे विधान खरे असले, तरी त्याला अटी आहेत. शिवाय हे द्रव्य ज्वालाग्राही असते आणि त्याची वाफ छातीत जाऊ देण्यासारखी नसते. ते बंद वाहनतळात किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत फवारणाऱ्यांनी नीतिशास्त्राच्या आधी शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा आणि त्याच्या पांढऱ्या गाडीचा विचार करावा.

आता मूळ प्रश्न. झाकणे म्हणजे खोटे बोलणे काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात ढोंगाचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. माणूस शब्दांनी खोटे बोलतो, तसाच कृतीनेही बोलतो. जे नाही ते आहे असे कृतीने भासवणे हे असत्यच. परंतु जे आहे ते न सांगणे, त्याविषयी मौन पाळणे, हे आपोआप असत्य ठरत नाही. आपली मराठी म्हण 'झाकली मूठ सव्वा लाखाची' त्याच भेदावर उभी आहे. मूठ झाकणारा सव्वा लाख आहेत असे म्हणत नाही. पाहणारा आपल्या मनाने आकडा धरतो.

मात्र मौन कोणासमोर पाळले जाते, यावर बरेच अवलंबून असते. आमच्या गावाच्या नावाविषयी एक समजूत आहे: पूर्वी लांबच्या प्रवासातील स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार करताना घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते. किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विकणाऱ्याने ते वेगळे सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु दोष आतला, न दिसणारा असेल, तर तो सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हाच काळा थर उद्या गंजलेल्या दारावर किंवा अपघातानंतर ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर मारला आणि गाडी विकायला काढली, तर तो मौन राहत नाही. ती फसवणूक होते. घेणाऱ्याचा त्या पत्र्यावर हक्क आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याचा नाही.

कायद्यानेही काही ठिकाणी पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. वाहनाचा क्रमांक झाकता येत नाही. सबंध गाडीचा रंग बदलला तर तशी नोंद करून घ्यावी लागते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, ती काचेआड गुन्हे दडतात म्हणून. क्रमांक व काच यांच्याशी समाजाच्या सुरक्षिततेचा संबंध आहे. गाडी कोणत्या कारखान्यातून आली, हे समोरच्या जाळीवर चकाकत राहावे अशी कोणाची सुरक्षितता मागणी करीत नाही. किंबहुना ती कारखानदाराची जाहिरात आहे. ती फुकट मिरवण्याचे कर्तव्य ग्राहकाच्या माथी कोणी मारले?

ज्या परिसरात आम्ही राहतो तेथे चिन्हांची एक वेगळीच कथा घरोघर सांगितली जाते. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. घरदार, शेतीवाडी मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी बराकींतून उद्योग उभे केले. तेथील मालावर म्हणे 'मेड इन यू. एस. ए.' असे छापलेले असे आणि कोणी हटकले तर उत्तर मिळे: 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! ही कथा सांगताना ठाणे जिल्ह्यातील माणूस अजूनही हसतो, आणि त्या हसण्यात त्या जिद्दी लोकांविषयीचे कौतुकही असते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना ही कथा आवडली असती. प्रत्येक अक्षर खरे आणि सगळे मिळून खोटे, अशा द्व्यर्थी बोलण्याचे व मनातल्या मनात अर्थ राखून ठेवण्याचे समर्थन करणारी काही मते १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी निषिद्ध ठरवली होती. उल्हासनगरच्या कथेत नसलेले चिन्ह लावले गेले; कात्रपच्या गाडीवर असलेले चिन्ह झाकले गेले. या दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसऱ्यात कोणी फसत नाही.

असे म्हणून मी स्वस्थ बसलो असतो. परंतु झाकण्यातही एक मिरवणे असते, हे विसरून चालणार नाही. काळ्या चिन्हाचा आकार तसाच राहतो. जाणकार लांबूनच गाडी ओळखतो. मग झाकले ते काय? मोटार कंपन्यांनीही ही नाडी ओळखली. २०१९ साली टाटांनी हॅरियर गाडीची 'डार्क एडिशन' बाजारात आणली. ज्याला लखलखाट नको तो ग्राहक त्या नकाराचेही पैसे मोजू लागला. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवा गेला. पण रस्त्यात मान मागण्याची सवय दिव्याबरोबर उतरली, असे काही म्हणवत नाही. आमच्या अनेक चर्चमध्ये उपवासकाळाच्या अखेरीस क्रूसावर जांभळे कापड घालतात आणि गुड फ्रायडेला ते दूर करतात. तेथे झाकणे हे पाहण्याची तयारी असते. सगळ्यांना ठाऊक असते काय झाकले आहे आणि केव्हा उघडायचे. काळ्या फवाऱ्याला असा दिवस नेमलेला नसतो.

मुलाला मी पुढे एकदा एकटे गाठून विचारले. त्याच्या उत्तरात काही खोल सापडेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "फादर, ऑफिसात सगळ्यांच्या गाड्यांचे काळेच असते. बरे दिसते." मी आणखी खोदून पाहिले, पण त्याखाली काही नव्हते. खोल होते ते बापाच्या बाजूला.

हे गृहस्थ तीस वर्षे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात, मुलामा देण्याच्या खात्यात होते. त्यांनीच मला समजावले की मोटारीवरचे ते चिन्ह चांदीचे तर नसतेच, बहुधा सबंध धातूचेही नसते. ते प्लास्टिक असते. ते आम्लात खरवडून घेतात, मग त्यावर तांब्याचा थर, त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा. हा शेवटचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. "लोक म्हणतात पितळ उघडे पडले. इथे प्लास्टिक उघडे पडते," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. हसताना त्यांच्या नाकातून बारीक शीळ वाजली.

त्या शिळेची घरात थट्टा होते. नातवंडे आजोबांना इंजिन म्हणतात. मी मात्र विचारले. क्रोमिक आम्लाच्या टाक्यांवर उठणारे धुके वर्षानुवर्षे नाकात गेले की नाकातला पडदा झिजून त्याला भोक पडते. कामगारांचा हा विकार वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. त्यांच्या नाकातला पडदा असाच गेला. घरी त्यांनी 'सर्दीची खोड' एवढेच सांगितले होते. पोरांनी शिकावे, बापाची दया करीत बसू नये, म्हणून. वापी-पुण्याकडच्या कोणत्या गाड्यांवर आपल्या हातचे सुटे भाग गेले हे त्यांना कधी कळले नाही. रस्त्यात कोणतीही चकाकती जाळी दिसली की आपलीच म्हणायची, अशी त्यांची रीत. आणि मग घरात गाडी आली.

मुलाने अपराध केला नाही, हे मी कोणत्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकावर हात ठेवून सांगू शकतो. चिन्ह त्याचे, गाडी त्याची (बँकेचा हप्ता संपेपर्यंत नोंदणीपुस्तिकेवर बँकेचाही शिक्का आहे, ते सोडा). पण अपराध नाही म्हणजे दुखावणे नाही, असे थोडेच आहे? आणि आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करीत राहिली. ज्याला पाहण्याचा हक्क आहे त्याच्यापासून झाकू नये, हा नियम मी मुलाला लावून पाहत होतो. बापाला लावून पाहिलाच नव्हता. आपल्या वडिलांचे हात आयुष्यभर कशात बुडाले होते, हे जाणण्याचा त्या मुलाचा हक्क नव्हता काय? तो ठाऊक असता तर त्याने डबा उचललाही नसता, किंवा उचलला असता तर निदान विचारून. वडिलांचे मौन प्रेमाचे होते, म्हणून मी त्याला दोष देण्यास कचरतो. तरी त्या मौनाची किंमत दोघांनीही मोजली. मी त्यांना एवढेच म्हटले, "नाकाचे त्याला सांगा." त्यांनी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळले नाही.

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एका आजारी बाईंना भेटून त्याच इमारतीतून परतत होतो. खाली बाप-लेक गाडीपुढे उकिडवे बसलेले. मुलगा अंगठ्याच्या नखाने चिन्ह खरवडीत होता. कारण मी विचारले नाही. थर निघत नव्हता. काळ्या भुश्यासारखे कण तेवढे फरशीवर पडत होते आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काळे तसेच राहत होते. डबा पुरवण्यासाठी त्याने त्या वेळी दोनच हात मारले होते, असे तो ओशाळून म्हणाला.

"मग आता?" मी विचारले.

"ह्याच्यावर आणखी चार-पाच जाड हात मारायचे, फादर. वाळले की नवा-जुना थर एकत्र सोलून येतो."

वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे काढण्यासाठी आधी आणखी काळे करायचे?"

"हो, बाबा."

ते थोडा वेळ त्या अर्धवट उघड्या चिन्हाकडे पाहत राहिले. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "घेऊन ये डबा. पण पुसायचे काम मी करणार. तेलाचा डाग राहिला की धरत नाही, हे मला शिकवू नकोस."