अम्लान फुलांचे मोल

देवास वाहिलेले फूल सायंकाळी निर्माल्य होते. त्या कोमेजण्यातच अर्पणाचा अर्थ आहे, असे आम्ही मानतो. मग जे कधीच कोमेजत नाही, अशा पाषाणपुष्पाने देवस्थान शृंगारणे हे अर्पण होय काय?

आग्र्याची पच्चीकारी ताजमहालापाशीच थांबली नाही. तेथील स्वामीबागेत शिवदयाल सिंह महाराजांच्या समाधिमंदिराचे काम १९०४ साली सुरू झाले व शंभरांहून अधिक वर्षे चालले. त्याच्या संगमरवरात फुले, फळे, वेली अशी बागच जडविली आहे. दगडात बारीक खाच कोरावयाची, कुरुंदाच्या चाकावर अकीक वा लाजवर्द घासून पाकळी बेतावयाची आणि सांधा बोटास लागणार नाही अशी ती बसवावयाची!

फूल कोमेजत नाही खरे; त्याच्या जागी कारागीर झिजतो. हात व नजर त्याने आपखुशीने झिजविली, तर ती पूजाच होय. परंतु अकीकाची कोरडी धूळ श्वासावाटे आत जाते. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांना तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग दिला आहे. दुसऱ्याचा श्वास त्यास न विचारता वाहणे, हे अर्पण नव्हे.

म्हणून देवस्थानच्या महाजनांनी नक्षी पसंत करताना घासणी पाण्याखाली होते काय, धूळ ओढून घेण्याची सोय आहे काय, हेही विचारावे आणि त्याचा खर्च आनंदाने सोसावा. देवाच्या बागेतील फूल अम्लान असावे; मात्र कोणाच्या आयुष्याचे निर्माल्य करून नव्हे.