दुर्योधनाचे थकलेले हात

॥ श्रीगणेशाय नमः ॥



गेल्या वर्षी गणेशोत्सवात देणगीच्या टेबलावर पावत्या लिहिण्याची सेवा माझ्याकडे होती. आरतीनंतर माझा एक जुना मित्र आला आणि त्याने ५,००१ डॉलरचा चेक माझ्यापुढे ठेवला. आम्ही दोघे एकाच वर्षी अमेरिकेत आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये राहिलो, एकच जुनी गाडी आलटून पालटून वापरली. त्याच सकाळी मी स्वतःची २५१ डॉलरची पावती फाडली होती. मी त्याची पावती लिहिली, हसून प्रसाद दिला. घरी जाताना मात्र पत्नीला म्हणालो, "किती कमावतो ते सगळ्यांना कळायला नको का!" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हांला वाईट कशाचं वाटतंय? देवाला जास्त मिळालं त्याचं?"

या प्रश्नाचे उत्तर मला महाभारताच्या सभापर्वात सापडले. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात देशोदेशीचे राजे रत्ने, वस्त्रे, घोडे घेऊन आले. त्या भेटी स्वीकारण्याचे काम युधिष्ठिराने दुर्योधनाकडे दिले. ते मानाचे काम होते, घरच्या माणसावरचा विश्वास होता. पण हस्तिनापुरास परतल्यावर दुर्योधन बापाला सांगतो की, ते धन घेता घेता माझे हात थकले. कोणत्या राजाने काय आणले याची लांबलचक यादी तो पाठ म्हणून दाखवतो. मयसभेत तो पाण्यात पडला आणि पांडव हसले, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण त्याला जास्त जाळले ते या मोजणीने.

धृतराष्ट्र त्याला विचारतो, उत्तम खायला आहे, ल्यायला आहे, मग तू असा वाळत का चाललास? प्रश्न रास्त होता. दुर्योधनाचे एक दाणाही कमी झाले नव्हते. यज्ञाला जाताना तो जेवढा श्रीमंत होता तेवढाच परतला. तरी तो स्वतःला दरिद्री समजू लागला, कारण त्याने आपली संपत्ती दुसऱ्याच्या मापाने मोजली. बाप समजावतो की, आपल्या वाट्यात समाधानी असून जो आपला धर्म पाळतो तो सुखी होतो. तुलाही यज्ञ हवा असेल तर तूही कर. त्यावर दुर्योधन म्हणतो की, असंतोष हेच वैभवाचे मूळ आहे.

वाचकहो, हे वाक्य आपल्याला परके आहे का? असंतोष नसता तर आपण सातासमुद्रापार आलो असतो का, असे आपणही म्हणतो. मुलांना पुढे जायचे असेल तर तुलना हवीच, असेही म्हणतो. यात थोडे तथ्य आहे. पुढे जाण्याची इच्छा वाईट नाही. पण दुर्योधनाने तेव्हा स्वतःचा यज्ञ केला नाही, त्याने द्यूत मांडले. त्याला आपले वाढण्यापेक्षा युधिष्ठिराचे जाणे हवे होते. म्हणून मी स्वतःला एक परीक्षा घालून दिली आहे. माझ्याकडे आहे तेवढेच राहून समोरच्याचे कमी झाले, तर मला बरे वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर ती महत्त्वाकांक्षा नव्हे, हेवा आहे. त्या रात्री माझे उत्तर 'हो' होते, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न ठेवण्याचा उपाय सांगितला आहे. दुःखी माणसाविषयी करुणा ठेवावी आणि सुखी माणसाविषयी मैत्री. पूर्वी मला वाटे, सुखी माणसाशी मैत्री करण्यात कसली आली साधना? आता कळते. २००१ साली याच मित्राची नोकरी गेली, तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात असे. पोळीभाजीचा डबा नेत असे, रात्री उशिरापर्यंत त्याच्याबरोबर अर्ज भरत बसे. तेव्हा मैत्री सोपी होती, कारण मी उभा होतो आणि तो पडलेला होता. तो माझ्या पुढे गेल्यावर त्या मैत्रीची खरी परीक्षा झाली, आणि मी नापास झालो.

दुसऱ्या दिवशी हिशेब जुळवताना ती पावती पुन्हा समोर आली. रकमेखाली माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'मातोश्रींच्या स्मरणार्थ'. त्या माउलीने आमच्या पहिल्या हिवाळ्यात इथे येऊन मलाही लेकासारखे जेवू घातले होते. ती गेल्याला वर्षही झाले नव्हते. ते शब्द मी स्वतः लिहिले आणि वाचले नाहीत. मला फक्त आकडा दिसला होता.

मी फोन केला. पावतीबद्दल काही बोललो नाही. काकूंच्या हातच्या पिठल्याची आठवण काढली. आम्ही तासभर बोललो.

भक्तजनहो, देणगीचा फलक, मुलांचे मार्क, शेजाऱ्याचे घर, मोजायला खूप काही आहे. पण तुलनेची पट्टी डोळ्यांपुढे धरली की पलीकडचा माणूस दिसेनासा होतो. विघ्नहर्त्यापाशी यंदा माझे एकच मागणे आहे. दुसऱ्याच्या घरी आनंद आला तर तिथे मनापासून जेवायला जाता यावे.

गणपती बाप्पा मोरया!