साठ पानं झाली, अजून भूत नाही!

बस. पंख्याखाली नको, इथं समोर बस. आणि तो मोबाईल खिशात घाल.

शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ‘बोअर’ लिहिलंय, ते तुझंच ना? ‘र’ची शेपटी अर्ध्यात सोडून द्यायची तुझी खोड मी आठवीपासून बघतोय. ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. एवढं जुनं वाचनालय असलेल्या गावातला पोरगा पुस्तकावर असा शेरा मारून मोकळा होतो! घे खोडरबर. मी बोलतोय तोवर खोड.

तर काल चौकात चार पोरांना काय सांगत होतास? “लई संथ हाय. साठ पानं झाली, अजून भूत न्हाई. मग डायरेक्ट शेवट वाचला, तर त्येबी दोन ओळीत खल्लास.” असंच ना? ‘ड्रॅक्युला’ वाचला म्हणून वर मिशीवर ताव. अरे, वाचलास कुठं? अक्षता चुकवून थेट पंगतीला बसलास, आणि लग्न कसं झालं ते गावाला सांगत सुटलास.

बरं, ती साठ पानं तरी धड वाचलीस का? दाढीच्या आरशाचं काय झालं विचारलं, तर म्हणालास, “फुटला वाटतं.” वाटतं! काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात पाहुणा आलेला तो वकील सकाळी खिडकीशी आरसा टांगून दाढी करतोय. एकाएकी खांद्यावर हात पडतो, सुप्रभात ऐकू येतं. यजमान पाठीशीच उभा आहे. आरशात मागची सगळी खोली दिसतेय, यजमान तेवढा दिसत नाही. वस्तरा लागलेला, हनुवटीवरनं रक्त ओघळतंय. आणि जरा वेळानं तो यजमान आरसा उचलून खिडकीबाहेर भिरकावतो, खाली अंगणातल्या दगडांवर त्याचा चुरा होतो. मग हे कोण आलं होतं रे, पोस्टमन?

पण खरी गंमत पुढं आहे. एवढं सगळं झाल्यावर वकील काळजी कसली करतो? आता दाढी कशी करायची! घड्याळाच्या झाकणात बघून, की दाढीच्या भांड्याच्या बुडात बघून? आपल्याला कळलंय, त्याला अजून पुरतं कळलेलं नाही. चाळीस वर्षं झाली मला हे पुस्तक वाचून, तिथं अजून अंगावर काटा येतो. तू ते पान थुंकी लावून उलटलंस.

सत्तावीस प्रकरणांतली पहिली चार त्या वाड्यातली. नंतर तो काउंट फार थोडा वेळ समोर येतो. बाकी माणसं रोजनिशी लिहितायत, तारा करतायत, आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ करतायत. तुला ते रटाळ वाटलं. अरे, तो दिसत नाही म्हणूनच तर प्रत्येक खिडकीचा संशय येतो. लेखक स्टोकरनं यावर सात वर्षं घालवली, तेव्हा १८९७ ला पुस्तक निघालं. तुझ्याकडनं सात संध्याकाळी निघाल्या नाहीत.

आणि वर मला शिकवतोस, “सर, आपलं धारप बघा, पहिल्या पानापासनं धडकी!” धारपांच्या कथा वाचल्यास, चांगलं केलंस. पण कथेचा दम वेगळा आणि कादंबरीचा वेगळा, हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी तू गैरहजर असशील. आता ऐक. स्टीफन किंग हा आधी अमेरिकेत शाळामास्तर होता, माझ्यासारखा. वर्गात ‘ड्रॅक्युला’ शिकवायचा. घरी बायकोशी बोलताना विषय निघाला, की हा काउंट आजच्या काळात, आपल्याकडच्या एखाद्या गावात आला तर? त्यातनं १९७५ साली ‘सालेम्स लॉट’ झाली. आणि तिच्यावरनं नारायण धारपांनी ‘लुचाई’ रचली. म्हणजे ज्या विहिरीला तू नावं ठेवलीस, तिचंच पाणी धारपांच्या रांजणात आहे. किंगनं तरी काय केलं? गावाचा अख्खा दिवस तासातासानं मांडला. पहाटे चारला धारा काढणारी पोरं, दूधवाला, शाळेची बस. ज्या घरात सकाळी कोण उठतं हे तुला ठाऊकच नाही, ते घर रात्री रिकामं झालं तर तुला कशाला भीती वाटेल?

तुझ्या चुलत्याचं गुऱ्हाळ आहे ना? रस काहिलीत पडला की चुलवाणात चिपाडं सारत बसायचं, भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, पुन्हा जाळ. घाई करून आदण आधीच उतरवलं तर हाती काय येतं? काकवी. त्याचा रवा धरत नाही. गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटानं चाचपतो, तोवर सगळे गप उभे असतात. तिथं कधी म्हणालास का ‘बोअर’? म्हणून बघ, चुलता पाठ सोलून काढेल. (गेल्या वर्षी तू आणलेला गूळ चांगला होता. त्याचा इथं काही संबंध नाही.)

आणि शेवट वाचला म्हणतोस, तर काउंटच्या गळ्यावर फिरतं ते हत्यार कसलं? गप्प का? कुकरी. आपल्या गुरख्यांची कुकरी, त्या इंग्रज वकिलाच्या हातात! दोनच ओळी वाचल्यास, त्यातनंही ती निसटली.

खोडून झालं? दाखव. ‘बो’ अजून दिसतोय, घास.

आता हे घेऊन जा. रोज रात्री एक प्रकरण, एकट्यानं, आणि कानात ती बोंडकं न घालता. शेवटचं प्रकरण मी रबर लावून बांधलंय. रबर हललेलं मला कळतं. सोमवारी एकच विचारणार आहे. त्या वाड्यात वकिलाला जेवण वेळेवर मिळतं, भांडी सोन्याची, पण नोकर एकही नजरेला पडत नाही. मग त्याचं अंथरूण कोण घालतं?