नाव आणि भाव

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून मारली. महाराष्ट्रातले सहा जण त्यात होते, त्यांतले तिघे डोंबिवलीचे. एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही मारला गेला. बोलताना तो पुष्कळदा राहून जातो. पुढे जुलैमध्ये अमेरिकेने 'द रेझिस्टन्स फ्रंट'ला विदेशी दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केलं. आपल्या सरकारने हे जानेवारी २०२३ मध्येच केलं होतं.

"यादीत नाव घालून काय होतं गं? कागदच तो," असं आपल्यातल्या कित्येक जणी म्हणतात. कागद खराच, पण त्या कागदाने बँकेतले पैसे गोठतात, त्या टोळीला पैसे देणं, आसरा देणं गुन्हा ठरतो. आपल्याकडे ही यादी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्य प्रतिबंधक कायद्याला जोडलेली आहे. २००४ च्या दुरुस्तीपासून ती तिथे आली.

गंमत अशी, की या टोळ्या नावं बदलतात. 'लष्कर-ए-तोयबा'ला अमेरिकेने २००१ मध्ये यादीत घातलं, तर माणसं 'जमात-उद-दावा' म्हणून वावरू लागली. मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ जीव गेले, त्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हे लष्करचंच दुसरं नाव, असं नोंदवलं. आणि हा नवा 'फ्रंट' म्हणजे त्याच घराचं आणखी एक दार.

तत्त्वार्थसूत्रात चार निक्षेप सांगितलेत: नाम, स्थापना, द्रव्य, भाव. पाठशाळेत आपण पाठ केले आणि विसरलो. मुलाचं नाव महावीर ठेवलं म्हणून तो महावीर होत नाही, तो नामनिक्षेप. ज्याच्यात तो गुण आज खरोखर आहे, तो भावनिक्षेप. सरकारी यादीचं सगळं काम या दोन टोकांमधलं आहे. नाव बदललं तरी भाव तोच असेल, तर त्याला धरायचं. इथे मला सरकारचं बरोबर वाटतं. अहिंसा मानणाऱ्यांनी बंदीची भाषा कशी बोलावी, असं विचारतात काही जण. पण श्रावकाने मुख्यतः सोडायची ती संकल्पी हिंसा, ठरवून केलेली. घरादाराच्या रक्षणासाठी करावा लागणारा विरोध शास्त्राने वेगळा धरला आहे. आणि पैशाची वाट बंद करणं ही तर त्यातली सौम्यातली सौम्य गोष्ट.

पण उलटंही होतं. भाव नसतो आणि नाव चिकटून राहतं. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, नोबेल मिळालं, तरी अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या नोंदीतून त्यांचं नाव निघायला २००८ साल उजाडलं. तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते!

इतक्या लांब कशाला? आपल्याच बुरहानपूर जिल्ह्यातलं मोहद. जून २०१७ मध्ये क्रिकेटचा सामना पाकिस्तानने जिंकला, त्याचा आनंद साजरा केला म्हणून १५ जणांना पकडलं, राजद्रोहाचं कलम लावलं. ते कलम पोलिसांनी थोड्याच दिवसांत काढलं. खटला मात्र चालत राहिला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मधली सहा वर्षं मजुरी करणाऱ्या घरात कशी गेली असतील, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

पहलगामनंतर आमच्या जसोंडीत दुपारी बसलेल्या बायकांत ठरू लागलं, की चुडीवाल्या चाचींना आता लग्नघरी बोलवायचं नाही. मी म्हटलं, "वहिनी, त्यांनी केलं काय?" तर म्हणाल्या, "केलं नाही, पण त्यातल्याच ना!" वहिनी वाईट नाहीत, पाखरांना दाणा टाकल्याशिवाय स्वतः जेवत नाहीत. पण सरकारच्या यादीत निदान एक कलम आहे: ज्या संघटनेला आपलं नाव काढून हवंय, तिने अर्ज करावा, तो नाकारला तर पुनर्विलोकन समितीकडे जावं. चाचींचं नाव आम्ही ज्या यादीत घातलं तिला ना कलम, ना समिती. अर्ज कुणाकडे द्यायचा?

वैशाखात वहिनींच्या पुतणीचं लग्न आहे. चाचींना निरोप गेलेला नाही अजून.