ताटी उघडणे हीही भक्तीच



'माझा देव समर्थ आहे, मला माणसांची गरज नाही,' असे उद्गार संकटकाळी आपण पुष्कळदा ऐकतो. वरवर पाहता ते दृढ श्रद्धेचे बोल वाटतात. परंतु त्यांत श्रद्धा किती आणि अभिमान किती, याचा शोध ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात घ्यावा. देवावर भार टाकणे आणि माणसाचा आधार घेणे यांत खरोखर विरोध आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आळंदीच्या चार भावंडांची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आले, म्हणून समाजाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही बालके पोरकी झाली. परंपरा सांगते की, एकदा लोकांनी केलेल्या अवमानाने ज्ञानदेवांचे मन फार व्यथित झाले आणि कुटीचे दार, म्हणजेच ताटी, लावून ते आत एकटे बसून राहिले. त्यांची समजूत घालावयास पुढे झाली ती सर्वांत धाकटी मुक्ताबाई. दाराबाहेरून तिने केलेली विनवणी 'ताटीचे अभंग' या नावाने आजही गाइली जाते.

ज्यांच्या मुखातून शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी प्रकट झाली, त्या ज्ञानियांच्या राजालाही दार लावून बसावेसे वाटले! मग तुम्हाआम्हांस तसे वाटले, तर त्यात लाज ती कसली?

मुक्ताबाईने काय केले ते नीट पाहावे. तिने दार मोडले नाही. 'यात रडण्यासारखे काय आहे?' असे म्हणून भावाचे दुःख हलके लेखले नाही. साधूचे लक्षण कोणते, याची तिने प्रेमाने आठवण दिली, आणि दार आतून उघडेपर्यंत ती बाहेर थांबली. शिवाय ती स्वतः सुखात होती असेही नाही. जे पोरकेपण भावाच्या वाट्यास आले, तेच तिच्याही. आपले दुःख संपल्यावर दुसऱ्याकडे जाऊ, असे जो म्हणेल त्याला ती वेळ कधीच सापडणार नाही.

कथेचे दुसरे अर्ध मात्र आपण विसरतो. ज्ञानदेवांनी ताटी उघडली. 'धाकट्या बहिणीने मला काय शिकवावे?' हा विचार त्यांना शिवला नाही. आधार देणे हे पुण्य खरे. पण तो नम्रपणे घेणे हेही तितकेच मोठे साधन आहे.

गीतेतही हेच दिसते. अर्जुनाचा विषाद व्यासांनी झाकून ठेवला नाही. पहिल्या अध्यायास त्याच विषादाचे नाव मिळाले. दुसऱ्या अध्यायात 'मी तुझा शिष्य, मला मार्ग दाखव,' अशा भावाने अर्जुन शरण गेला, तेव्हाच उपदेशास आरंभ झाला. आणि भगवंतांनी केले काय? शस्त्र हाती घेतले नाही. घोड्यांचे लगाम धरले. आधार देणाऱ्याने दुसऱ्याचे युद्ध स्वतः लढावयाचे नसते. त्याचा रथ मार्गावर राहील एवढे पाहावयाचे असते.

होळकर, शिंदे व गायकवाड यांच्या राज्यविस्ताराबरोबर अठराव्या शतकात कित्येकांचे पूर्वज माळव्यात, ग्वाल्हेरीस व गुजरातेत आले. सगेसोयरे दूर राहिले, म्हणून देऊळ हेच माहेर झाले. त्या माहेराकडे आज पाहू या. आरतीस नित्य येणारा एखादा गृहस्थ नोकरी गेल्यावर दिसेनासा होतो. एखाद्या माउलीचा मुलगा कर्जात बुडाला, म्हणून ती हळदीकुंकवास येत नाही. मुले परदेशी असलेले वृद्ध जोडपे आजारपण कोणास कळवीत नाही. या घरांना ताटी लागलेली आहे, आणि आपण मात्र 'हल्ली येत नाहीत' एवढे बोलून प्रसाद घेऊन घरी जातो!

सज्जनहो, अशा घरी जावे. कारणे विचारू नयेत, उपदेशाची घाई करू नये. घडीभर बसावे, डब्यात आमटीभात न्यावा, रुग्णालयात पाळीपाळीने रात्र काढावी, ऐकलेले दुसऱ्या घरी नेऊ नये. आणि जे आत बसले आहेत, त्यांनी निदान एका माणसापाशी मन मोकळे करावे. देवाची वाट पाहता पाहता दारी आलेल्या माणसास परत पाठवू नये. देवाने त्यालाच पाठविले नसेल कशावरून?

वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. तेथे थोर कोण, लहान कोण, हे कोणी पाहत नाही. आज जो वाकला त्यालाच उद्या कोणी उठवावयाचे असते. अशी भेट आपल्या प्रत्येक घरी घडो आणि कोणाचीही ताटी फार काळ लागलेली न राहो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥